जुनी डिस्क वाजायला लागलीय, नवी कोणती घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे २०१८ साली घेतलेली १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे. २००४ पासूनचे फोटो, लग्नकार्यांचे व्हिडिओ, घर-जमिनीच्या कागदांचे स्कॅन असं सगळं तिच्यावर आहे. गेल्या महिन्यापासून ती मध्येच गायब होते, कधी आतून टकटक ऐकू येते आणि लावली की विंडोज 'स्कॅन करून दुरुस्त करू का' असं विचारतं. पुण्याचा मुलगा म्हणतो एसएसडी (चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) घ्या. दुकानदार म्हणतो ४ टीबीची घ्या, एकदाच काय ती. ऐकायचं कुणाचं, आणि अशी डिस्क किती वर्षांनी बदलायची असते?

सर, खरेदीचं नंतर बघू. आधी ती डिस्क काढून बाजूला ठेवा, आणि 'आता दिसतेय का' म्हणून पुन्हापुन्हा लावून बघू नका. सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. माझ्याकडे पार गेलेल्या अवस्थेत येणाऱ्या बऱ्याच डिस्क आधीच्या आठवड्यापर्यंत वाचण्यासारख्या असतात. त्या आठवड्यात घरच्यांनी ती वीस वेळा लावलेली असते, दोन-तीन कॉम्प्युटरवर फिरवलेली असते, भाच्याने इंटरनेटवरून उतरवलेलं काहीतरी रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलेलं असतं, आणि स्क्रीनवर येईल त्या प्रश्नाला 'यस' म्हटलेलं असतं.

दुसरं म्हणजे, तुम्ही तिला बॅकअपची डिस्क म्हणताय, पण तिच्यावरचं किती दुसरीकडे कुठे आहे? माझा अंदाज, फारसं नाही. बहुतेक घरांत हेच होतं. लॅपटॉप भरला, जागा करायची म्हणून फोटो डिस्कवर कट-पेस्ट केले. कॉपी नव्हे, कट. तेवढ्यात त्या डिस्कचं गोदाम झालं. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, आणि तुमच्या बाबतीत पहिलीच प्रत त्या टकटकीत अडकलीय. म्हणून पुढचं सगळं जरा हळू वाचा.

आधी टकटकीचा अर्थ लावू. पोर्टेबल डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या मिनिटाला बहुतेक ५४०० फेऱ्यांनी फिरतात आणि वाचणारं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. हेडला आपण कुठल्या ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या कुठल्या गोल रेघेवर, आहोत हे कळेनासं झालं की ते मागे जागेवर येतं, पुन्हा पुढे झेपावतं, पुन्हा मागे येतं. तोच तो टक्... टक्... टक् आवाज, घड्याळासारखा एका लयीत. असा आवाज असेल तर घरी काहीही करायचं नाही. पण टकटकीचं दुसरंही एक कारण असतं आणि ते स्वस्तातलं आहे: वीज कमी पडणं. या डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, सगळी वीज यूएसबीतून येते. सुरू होताना चकत्या फिरवायला सगळ्यात जास्त करंट लागतो. जुन्या यूएसबी २.० पोर्टची हमी ५०० मिलिअँपिअरची, ३.० ची ९०० ची. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आत एका लांब बारीक वायरने जोडलेले असतात, तिथे किंवा चार खाचांच्या स्वस्त हबवर डिस्क लावली की मोटर उचल खाते, दम तुटतो, पुन्हा उचल खाते. त्याचाही आवाज टक्‌ असाच येतो.

म्हणून एकदाच, फक्त एकदाच, हे करून बघा. नवीन केबल आणा. तुमच्या २०१८ च्या डिस्कला बहुधा ते रुंद, चपटं, दोन भागांचं तोंड असेल, मायक्रो-बी म्हणतात त्याला. ते तोंड हा या डिस्कांचा कायमचा अशक्त भाग. रोज काढघाल करून ते सैल होतं, आणि कोकणात समुद्राकडच्या खाऱ्या दमट हवेने पिनांवर काळपट थर धरतो. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, तिच्याखाली पंखा किंवा मिक्सरवाला ओटा नको, आणि कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. आता कान जवळ न्या. सुरुवातीला हलकी घरघर चढत जाऊन स्थिर झाली, टकटक आली नाही आणि फोल्डर दिसले, तर देवाचे आभार माना आणि लगेच कॉपीला लागा. केबल बदलून चालू झालेल्या अशा डिस्क वर्षातून दहाबारा तरी माझ्या टेबलावर येतात, आणि रडवेल्या चेहऱ्याने आलेली माणसं केबलचे पैसे देऊन जातात. टकटक तशीच राहिली तर केबल ओढा आणि पुढचा एक परिच्छेद सोडा.

कॉपी करताना सगळं एकदम सिलेक्ट करून ओढायचं नाही. आजारी डिस्कला किती वेळ मिळेल ते सांगता येत नाही, म्हणून क्रम लावायचा. आधी कागदांचे स्कॅन, ते आकाराने चिमूटभर असतात आणि पुन्हा मिळवायला तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या लागतात. मग फोटो, वर्षवार, एकेक फोल्डर. व्हिडिओ शेवटी. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली, वेग काही केबीवर आला, तर ती फाइल सोडून पुढची घ्या. विंडोज मध्येच 'स्कॅन अँड फिक्स' विचारेल, तिथे नाही म्हणा. हे मी ठासून सांगतोय, कारण त्यामागे चालणाऱ्या चेकडिस्कचं काम फाइल सिस्टीम, म्हणजे फाइलींची नोंदवही, सुसंगत करण्याचं आहे, तुमचे फोटो वाचवण्याचं नाही. खराब सेक्टर (चकतीवरचे बारीक कप्पे) असलेल्या डिस्कवर ते अर्धवट नोंदी कापून टाकतं आणि त्या नादात हेडला तासन्‌तास राबवतं. 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असं आलं तर फॉरमॅट मारायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण लोक मारतात. लिनक्स येणारं कुणी ओळखीत असेल तर त्याला डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरबद्दल विचारा. ते आधी चांगला भाग वेगाने उचलून दुसऱ्या डिस्कवर घेतं, खराब जागांची नोंद ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी परत वळतं. बिघडत चाललेल्या डिस्कवरून माल बाहेर काढायची हीच रीत.

घड्याळासारखी टकटक असेल तर मात्र क्लीन रूम, म्हणजे धूळविरहित खोली, असलेल्या रिकव्हरी लॅबचं काम आहे. खर्च बहुधा पाच आकडी येतो आणि यशाची खात्री कुणी देत नाही. दुकानात, अगदी माझ्याही दुकानात, 'उघडून बघतो' म्हणणाऱ्याकडे देऊ नका. धुळीचा एक कण त्या हेडखाली डोंगर असतो. फ्रीझरमध्ये ठेवायचा उपाय व्हॉट्सॲपवर अजून फिरतो. बाहेर काढल्यावर चकत्यांवर दव धरतं, बाकी काही होत नाही.

आता समजा वाचली. तरी तिच्यावर पुढे भरवसा ठेवायचा का? क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट जपानी सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद दाखवतं. वर निळा चौकोन म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. लोक रंग बघून थांबतात. खालचे तीन आकडे बघा: रीॲलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. पहिला म्हणजे डिस्कने खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. दुसरा म्हणजे जे वाचता येईनात आणि ज्यांचा निर्णय अजून लागायचाय ते. तिसरा म्हणजे ज्यांच्यातली चूक डिस्कला दुरुस्त करता आली नाही ते. एक गंमत इथे असते. हे सॉफ्टवेअर मूळ आकडे दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजून, म्हणजे हेक्समध्ये दाखवतं. माझ्याकडे एक गृहस्थ '१० सेक्टर गेलेत' म्हणून आले, ते होते १६. सेटिंगमध्ये मूळ आकडे दशमान करून घ्या, नाहीतर भलतीच भीती किंवा भलताच धीर येतो. तिन्ही शून्य असतील तर बरं. पेंडिंग शून्य नसेल आणि आठवड्याभराने पुन्हा बघितल्यावर वाढला असेल, तर त्या डिस्कला निवृत्त करा, मग रंग कुठलाही असो.

एक सावधगिरी. आकडे शून्य असूनही डिस्क अचानक जाते. पडलेली डिस्क, पावसाळ्यात विजेच्या लोळाने गेलेला सर्किट बोर्ड, सैल झालेलं तोंड, यांची खबर हे सॉफ्टवेअर आधी देत नाही. ते वाईट बातमी सांगतं तेव्हा विश्वास ठेवायचा. चांगली बातमी सांगतं तेव्हा अर्धाच.

किती वर्षांनी बदलायची? अमेरिकेत बॅकब्लेझ नावाची ऑनलाइन बॅकअपची कंपनी आहे. ती २०१३ पासून आपल्या डिस्कांची आकडेवारी जाहीर करते, आता ३ लाखांवर डिस्क आहेत तिच्याकडे. तिथे वर्षाला साधारण १ ते २ टक्के डिस्क जातात. आकडा छोटा वाटतो, पण त्या मोठ्या ३.५ इंची डिस्क आहेत, वातानुकूलित खोलीत, रॅकमध्ये घट्ट बसवलेल्या, कधी न हललेल्या. आपली डिस्क टीव्हीमागे लोंबकळते, एसटीच्या बॅगेत फिरते, नातवाच्या हातून सोफ्यावरून खाली येते. त्यामुळे तिथला आकडा इकडे लावता येत नाही. माझा स्वतःचा नियम साधा आहे. पोर्टेबल हार्ड डिस्क पहिल्या फळीत ४ वर्षं, फार तर ५. त्यानंतर ती चालत असली तरी तिला पहिल्या कामावरून काढायची, तिसरी-चौथी जास्तीची प्रत म्हणून ठेवायची आणि पहिल्या कामाला नवीन आणायची. खरेदीच्या दिवशी पांढऱ्या टेपवर महिना-वर्ष लिहून डिस्कला चिकटवायचं. घरच्या प्युरिफायरच्या कँडलवर तारीख लिहितो तसं. चालू असताना पडली, तर तारीख बघायचीच नाही, पहिल्या कामावरून त्याच दिवशी काढायची. बंद डिस्क थोडा मार सोसते, कारण हेड बाजूला लावलेलं असतं. फिरत्या चकतीवर हेड आपटलं की चकतीवर ओरखडा.

तुमची २०१८ ची आहे. वाजली नसती तरी मी बदलायलाच सांगितलं असतं.

आता खरेदी. मुलगा एसएसडी म्हणतो त्यात तथ्य आहे. फिरणारा भाग नाही, पडली तरी सहसा काही होत नाही, वेग कितीतरी पट. रोज लॅपटॉपसोबत फिरवायची डिस्क हवी असेल तर मीही एसएसडीच सांगेन. पण कपाटात ठेवून सहा महिन्यांनी काढायच्या बॅकअपसाठी मी अजूनही हार्ड डिस्कच घेतो. एक तर दर टीबीमागे ती स्वस्त. दुसरं, एसएसडीत डेटा म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत अडवून ठेवलेला विद्युतभार, आणि वीज नसताना तो हळूहळू झिरपतो. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची अपेक्षा अशी, की घरगुती एसएसडीने तिची लिहिण्याची क्षमता पूर्ण वापरून झाल्यावरही ३० अंशांत विजेविना १ वर्ष डेटा टिकवावा. नवीन एसएसडी त्याहून बरीच जास्त टिकवेल, पण रत्नागिरीच्या मे महिन्यात कपाटात ३० अंश कुठले! तिसरं कारण धंद्यातलं. हार्ड डिस्क जाताना बहुतेक वेळा कुरकुरते, तुमची कुरकुरतेय तशी. एसएसडी काल चालू होती, आज दिसत नाही, एवढंच. आणि चुकून डिलीट केलेलं तिच्यातून परत मिळवणं बहुधा अशक्य असतं, कारण ट्रिम नावाची व्यवस्था मोकळे केलेले कप्पे आतल्याआत पुसून टाकते.

क्षमतेचं गणित. आज जेवढा डेटा आहे त्याच्या दुप्पट घ्या. तुमचं १ टीबीत मावतंय, तर २ टीबी. मोबाइलचा ४के व्हिडिओ मिनिटाला १७० ते ३५० एमबी खातो, म्हणजे तासाभराच्या बारशाला १० ते २० जीबी. हा हिशोब धरूनही ४ वर्षं २ टीबी पुरेल. आणि खोक्यावर २ टीबी लिहून विंडोज १.८१ दाखवलं तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, दोघांचा टीबी वेगळा.

दुकानदाराची ४ टीबीची एक घ्यायची सूचना मात्र मी खोडून काढतो. तेवढ्या पैशांत २ टीबीच्या दोन येत नसतील, थोडे जास्त लागतील. तरी दोनच घ्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, किंवा एक आज आणि एक तीन महिन्यांनी, म्हणजे एकाच लॉटमधला दोष दोघींत नको. हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकी नावं दिसतात त्यांच्या खोक्यात डिस्क या तिघांपैकीच कुणाची तरी. 'कोणती चांगली' हा प्रश्न मला रोज येतो आणि माझं उत्तर 'जिची वॉरंटी ३ वर्षांची आणि जिचं पक्कं बिल मिळतंय ती' एवढंच असतं. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतातली आहे का तेवढं दुकानातच बघा. आणि लक्षात ठेवा, वॉरंटी डिस्कची असते. कंपनी दुसरी डिस्क देते, बरेचदा दुरुस्त केलेली, आणि तुमची तुमच्या फोटोंसकट ठेवून घेते.

या पोर्टेबल डिस्कांबद्दल आणखी एक, जे खोक्यावर नसतं. बहुतेकींत ट्रॅक कौलांसारखे एकावर एक थोडे चढवून लिहिलेले असतात. त्याला एसएमआर म्हणतात. वाचायला काही फरक नाही, पण शेकडो जीबी सलग लिहायला लागलात की सुरुवातीचा १०० एमबीचा वेग उतरत उतरत २०-३० वर येतो. डिस्क खराब नाही, ती कौलं उचलून पुन्हा लावतेय. पहिली भरणी रात्री लावून झोपा. चांगल्या वेगाने १ टीबीला पावणेतीन तास, जुन्या यूएसबी २.० पोर्टवर आठ, आणि लाखभर बारीक फोटो असतील तर त्याहून जास्त. रोजच्या बॅकअपला याचा काही त्रास नाही.

ऑनलाइन १६ टीबीची 'एसएसडी' दीड-दोन हजारांत दिसते. ती घेऊ नका. आत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि कंट्रोलरला, म्हणजे ते चालवणाऱ्या चिपला, क्षमतेबद्दल खोटं बोलायला शिकवलेलं असतं. ६४ जीबीपर्यंत नीट लिहिते, मग जुन्यावरच नवीन लिहीत जाते. फोल्डर दिसतात, फाइल उघडत नाहीत. कुठलीही नवीन डिस्क आली की मी आधी एच२टेस्टडब्ल्यू चालवतो. ते पूर्ण डिस्क भरतं आणि वाचून पडताळतं. वेळ खातं, पण खोटी क्षमता पकडली जाते आणि नव्या डिस्कची जन्मजात खोड असेल तर तीही बाहेर येते. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोत 'पॉवर-ऑन अवर्स', म्हणजे डिस्क किती तास चाललीय, ते बघा. नव्या डिस्कवर तो आकडा शून्याच्या आसपास हवा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास वापरलेल्या डिस्क नोंदी पुसून नव्या म्हणून विकल्याचं प्रकरण गाजलं होतं, त्यामुळे तो आकडाही देववाक्य नाही. पण ४,००० तास दाखवत असेल तर डिस्क तिथेच परत करायची.

दोन डिस्क का, हे सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर दोन आठवडे माझ्या दुकानासमोर चिखलाने भरलेल्या सीपीयूंची रांग होती. गावभागातल्या एका घराचा बॅकअप अगदी शिस्तीत होता, दर रविवारी घेतलेला. डिस्क कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कॉम्प्युटर त्याच खोलीत टेबलाखाली. दोन्ही पाच दिवस पाण्यात. हार्ड डिस्कला हवा जायला एक बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत गेलं. त्यांनी डिस्क गच्चीवर उन्हात वाळवली आणि लावून बघितली. आत वाळलेला गाळ चकतीवर घासला गेला. भिजलेली डिस्क वाळवायची नसते, लावायची तर नाहीच. तशीच ओलसर, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून लॅबला पाठवायची असते. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

तेव्हा एक डिस्क घरी, एक पुण्याला मुलाकडे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने ३-२-१ म्हणून जे रूढ केलं ते हेच: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. तुमच्यासाठी तर वेळापत्रकही तयार आहे. मुलगा गणपतीला येईल तेव्हा त्याच्याकडची डिस्क घेऊन येईल आणि तुमची ताजी घेऊन जाईल. शिमग्याला पुन्हा तसंच. सहा महिन्यांनी अदलाबदल, दोन्ही डिस्क वर्षातून दोनदा तरी फिरतात, आणि कुणाला वेगळी आठवण करावी लागत नाही. पुण्याच्या गाडीत डिस्क जायचीय तर तिला कुलूप हवं. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, होम असेल तर व्हेराक्रिप्ट, फुकट आहे. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. त्याच डिस्कवर नको. असं करणारे मी तीन पाहिलेत.

घरची डिस्क कायम लावून ठेवू नका. क्रॅक सॉफ्टवेअरसोबत रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर ते जोडलेल्या डिस्कवरचंही सगळं कुलूपबंद करतं, आणि तुमच्याकडे पावसाळ्यात वीज कशी येते-जाते ते तुम्ही जाणताच. रविवारी लावायची, बॅकअप घ्यायचा, 'इजेक्ट' करून घरघर पूर्ण थांबल्यावर काढायची, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवायची. स्टीलचा डबा नको असं काही नाही, चुंबकाची भीती फुगवलेली आहे. दमट हवा आणि उंचावरून पडणं, एवढं सांभाळा. त्यावर सिनेमे भरून टीव्हीला लावणंही बंद. त्यासाठी पेन ड्राइव्ह घ्या.

डिस्कचा फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फाइली मांडायची पद्धत, एनटीएफएस ठेवा. मुलाकडे मॅक असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एफएटी३२ नको, त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही.

बॅकअप कशाने? विंडोजमधलं फाइल हिस्टरी तुम्हाला पुरेल. ते जुन्या आवृत्त्याही ठेवतं, म्हणजे फाइल बिघडली आणि बिघडलेलीच बॅकअपला गेली असं होत नाही. मिरर करणारी, म्हणजे एक डिस्क हुबेहूब दुसरीसारखी करणारी साधनं, रोबोकॉपी वगैरे, वापरायची झाली तर दिशा दोनदा वाचा. २०१२ साली रात्री साडेअकराला मी स्वतः स्रोत आणि लक्ष्य उलटे टाकले. नवी रिकामी डिस्क मूळ समजून मिररने माझी भरलेली डिस्क तिच्यासारखी रिकामी केली, इमानेइतबारे. पूर्ण व्हायला मिनिटही लागलं नाही. दुकानाची तीन वर्षांची बिलं होती. पंधरा दिवस लागले अर्धी परत मिळवायला, बाकीची गिऱ्हाइकांकडून झेरॉक्स मागून आणली.

गूगल फोटोजवर फोटो आहेतच म्हणत असाल तर, १५ जीबी फुकट आहे, १ जून २०२१ पासून फोटो त्यातच मोजले जातात, आणि मोबाइलमधून तिथलं डिलीट केलं की तिथूनही जातं. असू द्या तिसरी प्रत म्हणून. कागदांचे स्कॅन तरी तिथे नक्की टाका.

बॅकअप घेतला म्हणजे झालं असं समजू नका. दर अदलाबदलीच्या वेळी मुलाच्या लॅपटॉपवर डिस्क लावून दहा फाइल उघडून बघायला सांगा. २००४ चा एक फोटो, मधल्या वर्षातला एक व्हिडिओ मधूनच पुढे सरकवून, सातबाऱ्याचा एक स्कॅन. नावं दिसणं वेगळं आणि उघडणं वेगळं.

राहिली जुनी डिस्क. नव्या दोन्हींवर सगळं उतरून, उघडून, पडताळून झाल्यावर ती लगेच पुसू नका. टेपवर 'जुनी, वाजते' लिहून वर्षभर पडू दे. नंतर चालत असेल तर 'क्विक' ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट मारा, विंडोज तेव्हा सगळ्या जागेवर शून्य लिहितं आणि घरगुती गरजेला तेवढं पुसणं पुरतं. चालतच नसेल तर भंगारवाल्याला अख्खी देऊ नका, आधी मधोमध ड्रिलने दोन भोकं पाडा. डोळ्यांवर चष्मा लावून, कारण छोट्या डिस्कच्या चकत्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि त्यांचे तुकडे उडतात. मग ई-कचरा घेणाऱ्याकडे. त्याआधी आणलेली नवी केबल तेवढी काढून ठेवा. नव्या दोन डिस्कांपैकी एखादीला तेच चपटं तोंड असण्याची शक्यता आहे.